इथे जिना उतरणे

थॉर्नविकच्या बसथांब्यावर माणसं एकमेकांशी हवेबद्दल बोलतात आणि त्याला आम्ही बोलणं धरत नाही. त्या दिवशी तर हवाही दिसत नव्हती. समुद्रावरून चढून आलेल्या धुक्यानं समोरचं सेंट ऑस्विनचं चर्च, मासळीची दुकानं आणि यायची असलेली बस, सगळं पुसून टाकलं होतं. बाकावर दोघंच बसली होती. एका टोकाला टॅम्सिन हॉल्रॉइड, आमच्या गावात पुस्तकं बांधणारी एकमेव बाई. दुसऱ्या टोकाला ओल्या लोकरी कोटातला एक उंच माणूस. त्याच्या मांडीवर पावाची पिशवी होती आणि पिशवीत पाव नव्हता.

तो एका बोटानं गुडघ्यावर ठेका धरून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होता. मग त्यानं पिशवीतून एक पातळशी, तपकिरी पडलेली वही काढून उघडली.

"ही पट्टी कुणी लावली?" टॅम्सिनचा आवाज शांत होता.

तो दचकला. "कुठली?"

"वहीच्या पाठीला. चिकटपट्टी."

"मी नाही लावली."

"किती जुनी आहे?"

"पट्टी?"

"वही."

"चारशे वर्षं... थोडी कमी असेल."

"चारशे वर्षांच्या वहीला चिकटपट्टी. आणि वर पावाची पिशवी."

"पिशवी धुतलेली आहे," तो म्हणाला, आणि आपण काहीतरी भयंकर बोललो हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. "म्हणजे... वाळवलेलीही आहे."

बस आली. दोघांनाही तीच हवी होती. ती थांबली, वाट बघून कंटाळली आणि निघून गेली.

त्याचं नाव ऑबरी थ्वेट. सात वर्षं तो सेंट ऑस्विनचा संगीतप्रमुख होता. टॅम्सिन चर्चमध्ये जात नसे आणि ऑबरी चर्चबाहेर फारसा येत नसे, म्हणून सात वर्षं एका गावात राहूनही दोघांची गाठ पडली नव्हती. दोघांनीही तिशी ओलांडलेली. आमच्या गावात या वयाच्या एकट्या माणसांची यादी मिसेस क्लेगच्या डोक्यात तयार असते. ही दोन नावं त्या यादीत शेजारी शेजारी होती. पण चर्चच्या वृंदात पन्नास वर्षं गाऊन आणि तितकीच वर्षं चहा ओतून मिसेस क्लेग एक गोष्ट शिकली होती, की घाई केली तर चहाही बिघडतो.

ऑबरीच्या पिशवीतल्यासारख्या एकूण नऊ वह्या होत्या. कुणा एका राजाच्या राज्याभिषेकाला जे गाणं झालं, त्यात गायलेला एक गवई म्हातारपणी आमच्याकडे पाद्री म्हणून आला आणि येताना त्या गाण्याच्या वह्या घेऊन आला. त्या काळी सगळं गाणं एका कागदावर लिहीत नसत. प्रत्येक आवाजाची वही वेगळी, आणि तुमच्या वहीत फक्त तुमचाच आवाज. शेजारचा काय गातोय ते ऐकून समजून घ्यायचं. आवाज दहा आणि वह्या नऊ. दहावी, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाची, टेनरची वही हरवली होती.

"मग काय करता तुम्ही?" टॅम्सिननं विचारलं. आता ते तिच्या दुकानात होते, आणि पिशवी तिनं जप्त केली होती.

"नऊ जण काय म्हणतायत ते ऐकतो. आणि दहावा काय म्हणाला असेल ते लिहितो."

"मिसेस क्लेग फोनवर बोलत असताना आम्ही सगळे तेच करतो."

तो हसला. हसताना त्याला हातांचं काय करावं कळत नसे, म्हणून त्यानं ते खळीच्या भांड्यात बुडवले.

सप्टेंबरात सेंट ऑस्विनमध्ये तो अख्खा राज्याभिषेक जसा झाला तसा, गाण्यासकट पुन्हा उभा करायचा होता. राजा म्हणून निवृत्त दंतवैद्य मिस्टर पॉम्फ्रेट यांची निवड झाली होती, कारण इतका वेळ गप्प बसण्याची सवय गावात त्यांच्याशिवाय फक्त त्यांच्या रुग्णांना होती. तोवर टॅम्सिननं नऊ वह्या दुरुस्त करून द्यायच्या असं ठरलं.

हिवाळाभर ऑबरी दर गुरुवारी दुपारी काम बघायला येत राहिला. जे काम बघायला तो येई ते त्याला अजिबात कळत नसे. तो खिडकीपाशी उभा राही, काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांवर बोटानं ठेका धरी, आणि टॅम्सिन दाभण थांबवून म्हणे, "तुमच्या त्या टकटकीनं माझे टाके तालात पडायला लागलेत."

"बरंच आहे की."

"बरं नाही. सगळे सारखे पडतायत. माणसानं बांधलंय असं वाटतच नाही."

जानेवारीत त्यानं तिला मोजायला शिकवलं. तिला गाता येत नव्हतं. शाळेत गाण्याच्या तासाला तिला खिडक्या उघडायचं काम देत. "गाऊ नका, नुसतं मोजा," तो म्हणाला. तिचा हात टेबलावर पालथा ठेवून त्यानं मनगटाच्या जरा वर एका बोटानं ठोका दिला. खाली, वर. खाली, वर. "त्या काळी समोर उभं राहून हात हलवणारा कुणी नसायचा. शेजाऱ्याच्या खांद्यावर नाहीतर हातावर असा ठोका द्यायचे. एकाकडून दुसऱ्याकडे जायचा तो."

"आणि मध्येच एखादा चुकला तर?"

"तर पुढचे सगळे त्याच्यासारखे चुकायचे. गाणं सुंदरच व्हायचं... फक्त वेगळं."

ठोका थांबला. बोट मात्र तिथेच राहिलं. बाहेर एक समुद्रपक्षी छपरावर उतरून बराच वेळ कुणावर तरी रागावत होता.

"तुझी खळ वाळतेय," ऑबरी म्हणाला.

एवढ्यावर 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. कुणी त्याचा उल्लेख केला नाही.

मार्चमध्ये त्यानं तिला ती जागा दाखवली. राजाला अभिषेकाचं तेल लावून झालंय आणि मुकुट अजून डोक्यावर यायचाय, त्या मधल्या क्षणाचं गाणं. नऊही आवाज तिथे एकाएकी पातळ होतात. कुणी एक सूर धरून बसतं, कुणी दोनच सुरांत येरझाऱ्या घालतं. असं चाळीस ठोके चालतं.

"बघ ना. सगळे थांबलेत. दहाव्याची वाट बघतायत. त्यालाच इथे काहीतरी सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"ते शोधायला सात वर्षं लागली." तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "म्हणजे सहा वर्षं नुसती खाडाखोड. ओळ लिहिली ती या हिवाळ्यात."

त्यानं ती म्हणून दाखवली. टॅम्सिनला संगीतातलं काही कळत नव्हतं. पण ती ओळ हळूहळू चढत गेली, वर पोचल्यावर जराशी अडखळली, दारापाशी येऊन वाजवावं की नाही असा विचार करणाऱ्या माणसासारखी, आणि मग खाली न येता तिथेच थांबली. टॅम्सिनच्या हातातला दोरा कधी सुटला ते तिला कळलं नाही.

"कशी वाटली?"

"सुंदर," ती म्हणाली.

ऑगस्टच्या मध्याला त्याच्या कोटाच्या खिशात एक पत्र दिसायला लागलं. डेन्मार्कहून, आर्हुसमधल्या एका मोठ्या वृंदाकडून आलेलं. कार्यक्रम झाला की त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं.

"मग तू काय ठरवलंस?" टॅम्सिननं विचारलं. आवाज सहज ठेवायला तिला बरेच कष्ट पडले.

"ते माझ्यावर नाहीये." तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला. "त्या दिवशी ती ओळ नीट ऐक. त्यात मी काहीतरी विचारलंय. झालं की... उत्तर दे."

"आत्ताच विचार की."

"आत्ता विचारलं तर बोलावं लागेल. बोलताना मी पावाच्या पिशवीबद्दल बोलतो."

"पिशवी अजून माझ्याकडे आहे," टॅम्सिन म्हणाली. "धुऊन, वाळवून."

त्याच आठवड्यात पाद्रीबाबांनी तिच्याकडे चर्चची सगळ्यात जुनी लग्नांची नोंदवही दुरुस्तीला आणून दिली. पुठ्ठा फुगला होता, कोपरे उंदरांनी खाल्ले होते. त्या काळी पुठ्ठा विकत मिळत नसे. हाताशी असतील ते रद्दी कागद एकावर एक चिकटवून तो केला जाई. टॅम्सिननं तो गरम पाण्याच्या वाफेवर धरला आणि एकेक थर अलगद सोडवायला घेतला. पहिल्या थरात कुणाचं तरी मृत्युपत्र निघालं. दुसऱ्यात अर्धवट प्रवचन. तिसऱ्या थरावर सूर लिहायच्या पाच रेघा दिसल्या.

वळणदार शेपटीची ती अक्षरं आठ महिने तिच्या डोळ्यांसमोर होती. त्याच हातानं लिहिलेली चौदा पानं निघाली. ही टेनरची वही होती.

पहिला विचार तिच्या मनात आला तो धावत सुटायचा. चपला तिनं घातल्याही. मग ती परत वळली आणि ती जागा शोधू लागली. तेल लावल्यानंतरची, मुकुटाच्या आधीची. तिला मोजता येत होतं, त्यानंच शिकवलं होतं. तिनं बोटानं स्वतःच्या मनगटावर ठोके देत ती जागा गाठली.

तिथे काहीच नव्हतं. चाळीस ठोके नुसते विराम, एकापुढे एक, रांगेत. आणि समासात बारीक अक्षरांत, चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा गवयानं स्वतःसाठी करून ठेवलेली सूचना:

इथे जिना उतरणे. तिसरी पायरी मोडकी आहे.

टॅम्सिन खाली बसली. सगळं तिच्या लक्षात आलं. टेनर मंडळी वर गॅलरीत गात होती. मुकुटाच्या वेळी त्यांनी खाली राजाजवळ असायला हवं होतं, म्हणून ते उतरून येईपर्यंत बाकीच्या नऊ आवाजांना वेळ काढायला सांगितलं होतं. कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. सगळे जिन्याकडे बघत होते.

हे सांगितलं की ती ओळ गेली. ओळ गेली की त्यात विचारलेलं गेलं. टॅम्सिननं पानं टीपकागदात घातली, वर फळी ठेवली, फळीवर इस्त्री ठेवली आणि दुकानाचं दार लावून घेतलं. सांगूया की, तिनं ठरवलं. उद्या.

त्यानंतर पाच तालमी झाल्या. ऑबरी स्वतः टेनरमध्ये गात असे, कारण गावात टेनर दोनच. दुसरा मासेवाला डेस्मंड, ज्याचा आवाज बरा होता आणि ज्याच्या शेजारी दुसरं कुणी उभं राहत नसे. ठेका मिसेस क्लेग गुंडाळलेल्या कागदानं देई आणि चुकणाऱ्याच्या डोक्यातही त्यानंच देई. प्रत्येक तालमीनंतर ऑबरी मागच्या बाकापाशी येऊन विचारी, "कशी वाटली?" आणि टॅम्सिन म्हणे, "सुंदर."

पाचव्या तालमीला मिसेस क्लेगनं तिच्या हातात चहाचा कप दिला आणि तो सोडला नाही. "पोरी, पन्नास वर्षं मी बायकांच्या खालच्या आवाजात, आल्टोत गातेय. माझ्या पुढ्यातल्या माणसाला घास गिळता येत नसला की मला ऐकू येतं."

"काही नाही, मिसेस क्लेग."

"मग ते 'काही नाही' त्याला जाऊन सांग. मला नको सांगूस, उद्यापर्यंत गावभर होईल."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी टॅम्सिननं ती चौदा पानं स्वच्छ फडक्यात बांधली आणि चर्चमध्ये नेऊन ऑबरीसमोर ठेवली.

त्यानं फडकं सोडलं. पानं उलटताना त्याचा चेहरा उजळत गेला, लहान मुलासारखा. मग तो त्या पानावर आला. त्यानं समासातलं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हसायला लागला. पोट धरून हसला. सात वर्षं ज्याच्याशी वाद घातला, तो माणूस मोडक्या पायरीची काळजी करत होता. टॅम्सिनलाही हसू आलं. त्या अर्ध्या मिनिटात सगळं ठीक होईल असं वाटलं.

"कधी सापडलं?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

आज, असं म्हणता आलं असतं. त्यानं ते मानलंही असतं.

"तेवीस दिवसांपूर्वी," टॅम्सिन म्हणाली.

हसू एकदम गेलं नाही. ओठांवर राहिलं, डोळ्यांतून आधी गेलं.

"तेवीस दिवसांत पाच तालमी झाल्या."

"हो."

"पाचही वेळा मी विचारलं, कशी वाटली."

"हो... आणि मी म्हटलं, सुंदर."

"खरं होतं ते?"

"खरं होतं, ऑबरी. पाचही वेळा."

त्यानं पानं हळूच फडक्यात गुंडाळली. "ते आता मला कसं कळणार?" त्यानं विचारलं. रागानं नाही. रस्ता विचारावा तसं.

तिनं खूप सांगितलं. ओळ जाईल म्हणून, त्यात तू विचारलेलं जाईल म्हणून, तुझा चेहरा बघवला नसता म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणं हे त्याचं कामच होतं. नऊ जण बोलतात तेव्हा दहावा काय म्हणत असेल ते तो ओळखत असे. पण समोर एकच माणूस असलं की त्याचं ते कसब चालत नसे.

त्याच दुपारी त्यानं वृंदाला खरी पानं वाटली. मिसेस क्लेगनं कागदाची गुंडाळी खाली ठेवली, हे कधी होत नाही. "म्हणजे त्या ओळीच्या जागी आम्ही लोकांना काय ऐकवायचं?"

"आम्ही दोघं जिना उतरू. ते ऐकवायचं."

"डेस्मंडचे बूट?"

"राज्याभिषेक झाला तसा करायचाय, मिसेस क्लेग. व्हायला हवा होता तसा नाही."

शनिवारी चर्च भरलं. बाहेर झिरझिर चालू होती आणि आत ओल्या कोटांचा, मेणाचा आणि डेस्मंडचा वास होता. मिस्टर पॉम्फ्रेट खुर्चीत राजासारखे गप्प बसले. टॅम्सिन गॅलरीच्या लाकडी जिन्याशेजारच्या बाकावर होती. पुढे जागा रिकामी होती, पण तिनं तीच धरली होती.

तेल लावून झालं. नऊ आवाज पातळ झाले.

मग पावलं वाजू लागली. ऑबरी पुढे, डेस्मंड मागे. टॅम्सिनचं बोट आपोआप स्वतःच्या मनगटावर गेलं. खाली, वर. खाली, वर. नऊ आवाजांच्या वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे तिला ती ओळ लख्ख ऐकू येत होती. हळूहळू चढणारी. आणि ती गाणारा माणूस त्याच ठेक्यावर, पायरी पायरीनं, उतरत होता. आमच्या जिन्याची तिसरी पायरी चांगली भक्कम आहे. तरी ऑबरीनं ती ओलांडली, कारण वहीत तसं लिहिलं होतं. डेस्मंडनं तिच्यावर व्यवस्थित पाय दिला.

शेवटच्या पायरीवर तो थांबला. अजून चार ठोके उरले होते. ती ओळ वर जाऊन दारापाशी अडखळते, ती ही जागा. त्यानं टॅम्सिनकडे पाहिलं. तिचं मनगटावरचं बोट पाहिलं. तिचे ओठ हलत होते. जिला शाळेत खिडक्या उघडायला सांगत, ती बाई आवाज न करता त्याची अख्खी ओळ गात होती, एकही ठोका न चुकता.

त्याचा चेहरा क्षणभर... पण चार ठोके संपले. मिसेस क्लेगचा कागद खाली आला आणि दहा आवाजांनी राजाला मुकुट घातला. चर्चचं छप्पर हललं. मिस्टर पॉम्फ्रेट रडले. त्यांनी नंतर दोष मुकुटाच्या वजनाला दिला.

रविवारी दुपारी ऑबरी दुकानात आला. धुकं परत आलं होतं. खिशात पत्र नव्हतं, म्हणजे उत्तर गेलं होतं.

"मंगळवारी निघतोय," तो म्हणाला.

टॅम्सिननं मान हलवली. "काल... तू पाहिलंस मला."

"पाहिलं. रात्रभर तेच पाहत होतो." त्यानं टोपी फिरवली. "विचारलं तर तू खरंच उत्तर देशील, हे मला ठाऊक आहे. आणि ते ऐकून मी मोजत बसेन, टॅम्सिन. पाच वेळा. सहाव्यांदा. तुला तसं ऐकणारा माणूस नको. मलाही मी तसा नकोय."

"मोजणं थांबतं कधी कधी."

"थांबेल. पण ते इथे, तुझ्यासमोर बसून थांबायचं नाही."

तिला रडू येत होतं आणि हातात दाभण होता. दाभण हातात असताना रडू नये हे तिला या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

त्यानं कोटाच्या आतून एक घडी केलेला कागद काढला. ती ओळ, स्वच्छ अक्षरात लिहिलेली. "त्या नोंदवहीच्या पुठ्ठ्यातून तू चौदा पानं काढलीस ना? आता जाडी कमी पडेल."

"पडेल."

"एक पान हे घे."

"हे रद्दी नाहीये, ऑबरी."

"ती चौदा पानंही नव्हती," तो म्हणाला. "कुणीतरी उसवेल कधीतरी. त्याला कळू दे, चाळीस ठोक्यांत माणूस दुसरंही काही करू शकला असता."

दारापाशी तो अडखळला. तिनं पावाची पिशवी त्याच्या हातात दिली, इस्त्री केलेली. त्यानं ती नीट घडी करून आतल्या खिशात ठेवली. मग तो पाच पावलांतच धुक्यात पुसला गेला. पावलांचा आवाज थोडा वेळ राहिला. टॅम्सिननं तो संपेपर्यंत मोजला.

सोमवारी तिनं खळ शिजवली. कोरे कागद एकावर एक चिकटवत गेली, आणि मध्यभागी आल्यावर त्याचं पान ठेवलं. वर खळ लावण्याआधी तिनं टाक घेतला आणि समासात, जमेल तितक्या बारीक अक्षरांत, एक सूचना लिहिली. मग ते पान झाकलं, दुसरा थर दिला, तिसरा दिला, आणि सगळं दाबयंत्रात घालून दांडा घट्ट पिळला.

ती वही आता पुन्हा चर्चच्या कपाटात आहे. आत तीनशे एकोणपन्नास जोडप्यांची नावं आहेत. टॅम्सिन आणि ऑबरी त्यात नाहीत. पण चारशे वर्षांनी कुणी तो पुठ्ठा वाफेवर धरला, तर त्याला एक ओळ मिळेल, चढत जाऊन वरच थांबलेली, आणि शेजारी लिहिलेलं सापडेल:

इथे कुणीही जिना उतरू नये.